सात-बाऱ्यावर नाव नाही, त्याचे काय?

"हप्ता पडला का?" हा प्रश्न आता शिरूर अनंतपाळ तालुक्यात जयभीम आणि राम रामइतकाच रुळला आहे. साकोळ असो, येरोळ असो की उजेड, मोबाईलवर बँकेचा संदेश आला की पारावर, चहाच्या हॉटेलात, दवाखान्याच्या रांगेत हाच विषय. कुणाचे आले, कुणाचे अडकले, कुणाच्या आधारचा घोळ झाला. या गर्दीत बौद्धवाड्यातील बरीच माणसे मात्र गप्प असतात. त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्यांच्या नावावर जमीनच नाही.

शेतीसाठी शासन जो पैसा थेट खात्यावर टाकते, तो कोणत्या वाटेने येतो, कुणाच्या दारी थांबतो आणि कुणाच्या दारावरून पुढे निघून जातो, याचा साधा हिशेब आज आम्ही आपल्यापुढे मांडत आहोत. हा हिशेब घरातील सर्वांनी बसून वाचावा, कारण त्यात आपल्या हक्काचे पैसेही अडकले आहेत आणि आपला जुना प्रश्नही.

हप्त्याचा हिशेब

केंद्र शासनाने १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात प्रधानमंत्री किसान सन्मान निधी जाहीर केला. शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत. आरंभी ही योजना २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती. २०१९ च्याच उन्हाळ्यात ती मर्यादा काढून टाकली गेली. पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र शासनाने नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून त्यात आणखी ६,००० रुपयांची भर घातली आणि त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीच्या कार्यक्रमातून दिला गेला. म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला १२,००० रुपये. केंद्राच्या योजनेचा विसावा हप्ता २ ऑगस्ट २०२५ रोजी सुटला, तेव्हा देशभरात सुमारे ९ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यांवर मिळून सुमारे २०,५०० कोटी रुपये गेले.

या योजनेत एक गोष्ट चांगली आहे, ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. वीस गुंठेवाल्याला जेवढे, तेवढेच वीस एकरवाल्याला. एरवी शेतीची मदत एकराच्या मापाने वाटली जाते आणि मोठ्याचे माप मोठे भरते. येथे तसे नाही. जिराईत वीस गुंठ्यांवर जगणाऱ्या घराला १२,००० रुपये म्हणजे बियाणे, खत आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. म्हणून ज्यांच्या नावावर थोडीशी का होईना जमीन आहे, त्यांनी हा हप्ता सोडता कामा नये.

पण अट एकच आणि ती कडक. जमीन महसूल दप्तरी तुमच्या नावावर हवी. योजनेच्या नियमात बटईदार बसत नाही, सालगडी बसत नाही, खुरपणीला जाणारी बाई बसत नाही. शेतात उभा जन्म गेला तरी सात-बाऱ्यावर नाव नसेल तर शासनाच्या लेखी तो शेतकरीच नव्हे.

जमिनीच्या मापाने माणसाचे माप

हे आजचेच आहे असे नाही. आपल्या जिल्ह्याने हे एकदा फार जवळून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली. मरणाने कुणाची जात पाहिली नाही की कुणाचा सात-बारा पाहिला नाही. पण पुनर्वसनाची घरे वाटताना सात-बारा पाहिला गेला. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचे घर, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फुटांचे आणि ७ हेक्टरच्या वर असलेल्यांना ७५० चौरस फुटांचे. माणसे घरात तेवढीच, चूल तेवढीच, पण जमीन कमी म्हणून भिंतीही जवळ आल्या.

अतिवृष्टीच्या मदतीतही तेच. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने हाहाकार केला. सोयाबीन शेतातच कुजले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात कोरडवाहू पिकाला हेक्टरी १८,५०० रुपये धरले गेले : ८,५०० नुकसानीचे आणि १०,००० रब्बीच्या बियाण्यासाठी. मर्यादा ३ हेक्टरची. आता हिशेब करा. ३ हेक्टरवाल्याचे होतात ५५,५०० रुपये. वीस गुंठेवाल्याचे ३,७०० रुपये. आणि त्याच सोयाबीनच्या काढणीचे गुत्ते घेऊन दिवाळीचा खर्च भागवणाऱ्या मजूर कुटुंबाचे? शून्य. पीक बुडाले तेव्हा त्या कुटुंबाची महिन्याची मजुरीही बुडाली, पण त्या नुकसानीचा पंचनामा करण्यासाठी कोणताही तक्ता नाही.

आम्ही शेतकऱ्याच्या मदतीविरुद्ध बोलत नाही. शेतकरी बुडाला की मजूर आधी बुडतो, हे आम्हाला ठाऊक आहे. आमचे म्हणणे एवढेच की, बुडणारे दोघे असताना दोरी एकालाच टाकली जाते.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील एकूण वहिती क्षेत्रापैकी अनुसूचित जातींच्या हाती ९ टक्क्यांहूनही कमी क्षेत्र होते. लोकसंख्येत मात्र २०११ च्या जनगणनेनुसार हाच समाज १६ टक्क्यांहून अधिक. लातूर जिल्ह्यात तर साधारण पाच माणसांमागे एक अनुसूचित जातीचा. म्हणजे जमिनीच्या वाटेने येणारा पैसा आपल्या वस्तीपर्यंत का पोहोचत नाही, हे सांगायला वेगळ्या आयोगाची गरज नाही.

बटईदार आणि गायरानधारक

आपल्या तालुक्यात जमीन बटईने करणारी घरे पुष्कळ आहेत. मालक पुण्यात, लातुरात किंवा परदेशात. नांगरट, पेरणी, फवारणी बटईदाराची. माल मोंढ्यावर गेला की निम्मा वाटा मालकाचा. हा सारा व्यवहार तोंडी. कागद केला तर कूळ लागेल ही भीती मालकाला, आणि कागद मागितला तर रान काढून घेतील ही भीती बटईदाराला. परिणाम असा की, हप्ता मालकाच्या खात्यावर, अतिवृष्टीची मदत मालकाच्या खात्यावर. पीक विम्यात बटईदाराला जागा आहे असे कागदोपत्री दिसते, पण त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. खरीप २०२३ पासून दोन वर्षे राज्यात १ रुपयात विमा मिळत होता. खरीप २०२५ पासून ती सवलत बंद झाली आणि खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के हप्ता पुन्हा भरावा लागतो.

दुसरा वर्ग गायरानधारकांचा. मराठवाड्यातील आपल्या समाजाचा हा जिव्हाळ्याचा आणि जिवावरचा प्रश्न. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो लोक तुरुंगात गेले. त्या प्रेरणेतून गावोगाव पडीक गायराने आपल्या बापजाद्यांनी वहितीखाली आणली, दगड वेचले, बांध घातले. शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची होती. काहींना सात-बारा मिळाला. पण अनेकांची नोंद गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीतच राहिली, आणि काहींची तेथेही झाली नाही. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला आहे, हे मात्र नोटीस देताना कुणी सांगत नाही. चाळीस-पन्नास वर्षे जमीन कसूनही १-ई वाला ना हप्त्यात बसतो, ना विम्यात, ना अनुदानात.

योजना कागदावर, जमीन बाजारात

आपल्यासाठी म्हणून ज्या योजना आहेत, त्यांचीही नीट माहिती हवी.

पहिली, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. २००४ पासून सुरू. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन. आरंभी निम्मे कर्ज, निम्मे अनुदान असे होते. २०१८ पासून १०० टक्के अनुदान झाले. कोरडवाहूला एकरी ५ लाख आणि बागायतीला एकरी ८ लाख ही कमाल मर्यादा. योजना उत्तम. पण जमीन शासनाने विकत घ्यायची आणि विकणारा स्वखुशीने पुढे यायचा. रस्त्यालगतच्या, पाण्याच्या जमिनीला बाजारात याहून जादा भाव मिळत असेल तर शासनाला कोण विकणार? म्हणून समाजकल्याण खात्याकडे अर्ज पडून राहतात.

यात आणखी एक दुर्दैव आहे. किसान सन्मान निधीच्या नियमात १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरवलेली आहे. त्या दिवशी ज्याच्या नावावर जमीन, तो पात्र. नंतर घेतली असेल तर पुढील पाच वर्षे विचार नाही. अपवाद फक्त मृत्यूनंतरच्या वारसाहक्काचा. २०२५ सालीही या तारखेनंतर मालक झालेल्यांचे हप्ते तपासणीसाठी थांबवण्यात आले. आता विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन असलेल्या कुटुंबाला २०२० मध्ये शासनानेच सबळीकरणाची जमीन दिली. एका खात्याने त्याला शेतकरी केले आणि दुसऱ्या खात्याने सांगितले, तू उशिरा शेतकरी झालास!

दुसरी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना. पूर्वीच्या विशेष घटक योजनेत बदल करून २०१७ पासून ती आली. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्याला नवीन विहिरीसाठी तेव्हा अडीच लाख रुपये अनुदान होते. २०२४ मध्ये ते ४ लाख करण्याचा निर्णय झाला. नवीन विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन आणि जुनी विहीर दुरुस्ती, पंप, वीजजोडणी, ठिबक-तुषार यांसाठी किमान ०.२० हेक्टर असा नियम २०१७ मध्ये घालण्यात आला. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि अंमलबजावणी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाची. बाबासाहेबांनी १९१८ मध्येच भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहून दाखवून दिले होते की, जमीन किती यावरच सारे ठरत नाही. तिच्यावर लावायला भांडवल आणि साधने किती, हेही पाहावे लागते. वीस गुंठ्यांत पाणी आले तर दोन पिके निघतात. म्हणून ही योजना कुणी दुर्लक्षित ठेवू नये.

घरातील कागद

आता आपल्या घराकडे वळू. सगळा दोष शासनाला देऊन भागणार नाही. आमच्या पाहण्यात अशी कितीतरी घरे आहेत, जेथे दोन एकर रान अजून मरण पावलेल्या आजोबांच्या नावावर आहे. तीन नातू. एक गावात, एक लातुरात हमालीला, एक पुण्यात गवंड्याच्या हाताखाली. सामाईक सात-बाऱ्यावर तिघांची नावे लागली तर नियमाप्रमाणे प्रत्येक पात्र कुटुंबाचा हप्ता वेगळा. तिघांचे वर्षाला ३६,००० रुपये. आणि भाऊ भांडतात कशावरून, तर बांधावरच्या लिंबाच्या झाडावरून!

पुढील गोष्टी प्रत्येक घराने कराव्यात :

एक, घरातील कर्ता वारला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस नोंदीचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मयताच्या खात्यावर येणारा हप्ता उचलत राहू नये. तो पुढे वसूल होतो. विधवा भगिनींनी वारस नोंदीनंतर स्वतःच्या नावाने नवी नोंदणी करावी.

दोन, नावाचा मेळ घालावा. आपल्या समाजात हा घोळ जास्त आहे. जुन्या दप्तरात आजोबांचे नाव आडनावाशिवाय, अरे-तुरेच्या भाषेत नुसते 'अमक्या वल्द तमक्या' असे लिहिलेले. धम्मदीक्षेनंतरच्या पिढीने नावे बदलली, आडनावे बदलली. आधारवर एक, सात-बाऱ्यावर दुसरे, बँकेत तिसरे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा केला आहे. तेथे नाव जुळले नाही की काम थांबते. दप्तरातील लेखनाची चूक महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त होते. शाळेचा दाखला, राजपत्रातील नावबदल जपून ठेवावा.

तीन, लेकी-सुनांची नावे लावावीत. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा ठरला. पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सात-बाऱ्यावर लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. काही घरांत असे बोलले जाते की, बाईचे नाव लावले तर लाडकी बहीण योजनेचे पैसे कमी होतील. हा हिशेब समजून घ्या. २०२४ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत महिन्याला १,५०० रुपये ठरले. ज्या बहिणीला शेतकरी सन्मानाचे वर्षाला १२,००० मिळतात, तिला महिन्याला ५०० देण्याचा नियम आहे. कपात होते ती हप्ता तिच्या खात्यावर येत असेल तर, सात-बाऱ्यावर नाव आहे म्हणून नव्हे. हप्ता कुटुंबातील एकालाच मिळतो. जमिनीवरचा हक्क मात्र दोघांचा असू शकतो. पैशाचे कारण सांगून तिचे नाव मागे ठेवू नका.

चार, अंगठा कुठेही लावू नका. हप्ता काढून देतो म्हणून कुणी आधार, पासबुक आणि अंगठा मागत असेल तर किती रक्कम काढली याची पावती तेथेच मागा. आमच्याकडे अशा तक्रारी येतात की, खात्यावर दोन हजार आले आणि हाती सतराशे पडले.

पाच, आपल्यातील नोकरदारांनी नियम पाळावा. चतुर्थ श्रेणी वगळता शासकीय कर्मचारी, प्राप्तिकर भरणारे आणि महिना १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे या हप्त्याला पात्र नाहीत. राज्यात यापूर्वी अशा लोकांना वसुलीच्या नोटिसा गेल्या आहेत. हक्क मागणाऱ्याचा हात स्वच्छ असला पाहिजे.

इतरांनी काय केले

भूमिहीनाला थेट मदत देता येत नाही, असे कुणी म्हणाले तर त्याला आपल्या शेजारी पाहायला सांगा. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस जाहीर केलेल्या 'कालिया' योजनेत शेतकऱ्यांबरोबर भूमिहीन शेतमजूर कुटुंबांना शेळीपालनासारख्या धंद्यासाठी १२,५०० रुपये देण्याची तरतूद केली. छत्तीसगडने २०२१ मध्ये भूमिहीन कृषी मजुरांसाठी वर्षाला ६,००० रुपयांची योजना आणली. नांदेड जिल्ह्याची शीव ओलांडली की तेलंगण. तेथे २६ जानेवारी २०२५ रोजी भूमिहीन शेतमजूर कुटुंबांना वर्षाला १२,००० रुपये देणारी योजना सुरू झाली. मग महाराष्ट्राला काय अडचण आहे?

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही शेतीचे कर्ज आणि मदत वाटताना काळ्या शेतकऱ्यांना डावलले जात होते. अर्ज उशिरा पाहायचे, पेरणी सरल्यावर कर्ज द्यायचे, किंवा नाकारायचे. टिमोथी पिगफोर्ड या शेतकऱ्याच्या नावाने खटला उभा राहिला आणि १९९९ मध्ये शासनाला तडजोड करावी लागली. ज्यांचे दावे मान्य झाले, त्यांतील बहुतेकांना प्रत्येकी ५०,००० डॉलर मिळाले. त्यांनी हे मिळवले ते कागद जपून, तारखा नोंदवून आणि एकत्र येऊन.

आमचे मागणे

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. भूमिहीन शेतमजूर कुटुंबाला शेतकऱ्याच्या बरोबरीने वर्षाला १२,००० रुपये द्यावेत. अतिवृष्टीच्या मदतीत बुडालेल्या मजुरीची भरपाई धरावी. १९९० पूर्वीच्या पात्र गायरानधारकांची प्रकरणे निकाली काढून सात-बारा द्यावा. सबळीकरणात जमीन मिळालेल्यांना २०१९ च्या तारखेची अट लावू नये आणि जमीन खरेदीची मर्यादा बाजारभावाप्रमाणे वाढवावी.

आणि तालुक्यातील तरुणांना आमची एक विनंती आहे. प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवा. वस्तीतील किती घरांना जमीन आहे, किती बटईने करतात, किती १-ई वर आहेत, किती निव्वळ मजुरीवर आहेत, कुणाचा हप्ता कशामुळे अडला, हे घरोघर जाऊन लिहून काढा. तहसीलमध्ये निवेदन देताना नुसत्या घोषणा नकोत, ही वही सोबत हवी. येत्या रविवारच्या वंदनेनंतर तासभर त्यासाठी काढला, तर महिन्याभरात हे काम पुरे होईल.

जयभीम!